गळती थांबली

न्हाणीच्या मागच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, पंधरा लिटरचा गीझर. त्याखाली दोन नळ्या. एक व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या तोंडात ठोकलेली सागाची खुंटी, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तारेचे सात वेढे. खाली सकाळपर्यंत थेंब पडत होते. आता फरशी कोरडी होती.

दामिनीने खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"थांबलं का नाही गळनं?" टिकाराम म्हणाला. राइस मिलच्या बॉयलरच्या भट्टीत त्याने बावीस वर्षे कोंडा टाकला होता. पक्कड अजून हातातच होती. "तुहा तो ओमेश मेस्त्री नवा थर्मोस्टॅट बसवून गेला, अन् गळती देऊन गेला. म्या एका खुंटीत काम केलं."

"बाबा, मी सांगून गेली होती ना, गळू द्या म्हणून?"

"कायले गळू द्याचं? मिलमंदी बी व्हॉल्व्ह असाच चिरचिर करे. आमी तो दाबाले वरून लोखंड टांगत होतो. काई झालं?"

ती गीझरच्या लाल दिव्याकडे पाहत होती. पाणी तापले की तो आपोआप विझायला हवा होता. तो जळत होता. गीझरच्या पोटातून करकर असा बारीक आवाज येत होता.

"चालू कधी केला?"

"पाच वाजता."

सहाला दहा कमी होते. पंधरा लिटर, दोन किलोवॅट, पन्नास मिनिटे. मनातला गुणाकार शंभर अंशांपुढे गेला तसे तिने बटण बंद केले.

"काऊन बंद केलं? तुही माय न्हाऊन राहिली आत."

भिंतीपलीकडे लोटा बादलीवर आपटला.

"थर्मोस्टॅट खराब आहे, बाबा. पानी उकळलं तरी तापूनच राहिलं होतं. वाफेचा जोर निघायले तेवढीच एक वाट होती, तुम्ही ती बुजवली."

"मंग काढतो. घे." त्याची पक्कड तारेकडे गेली.

तिने त्याचे मनगट धरले. "आत्ता? मिलमंदी ते लोखंड कोनी भर वाफेत काढे का?"

टिकारामने पक्कड खाली घेतली.

"माह्या जोडीच्या सुकरामनं काढलं होतं," तो म्हणाला. "एकडाव."

दामिनी न्हाणीच्या दाराशी धावली. "माय! लाल नळाले हात नको लावू!"

बिरसी विमानतळाचे शिकाऊ विमान नेमके घरघरत छपरावरून खाली उतरत होते.

"काऽय?" आतून रुख्मा ओरडली.

"लाल नळ! सोडू नको!"

"डोयात साबन गेला माह्या! पानी तरी घेऊ दे!"

"नको घेऊ. तशीच नीघ."

"तशीच? बाप उभा असन ना तुहा तेथी!"

"त्याईनं तोंड फिरवलं. नीघ, माय!"

टिकारामने खरेच तोंड फिरवले. गीझरमधला आवाज एकदा मोठा झाला, मग थांबला. न्हाणीत काही हलले नाही. दामिनीने दारावर दोन्ही हात आपटले.

कडी निघाली. ओले लुगडे गुंडाळलेली रुख्मा एक डोळा मिटून बाहेर आली. दामिनीने तिला दंडाला धरले, बापाला पुढे घातले आणि दोघांना घराबाहेर, रस्त्यापलीकडच्या हातपंपाशी नेले. रुख्माने थंड पाण्याने डोके धुतले आणि कुडकुडत दोघांनाही शिव्या दिल्या. टिकाराम पंप हापसत राहिला.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणात कोणी गेले नाही.

सकाळी आठ वाजता, बटण बंद होऊन चौदा तास झाल्यावर, दामिनीने लाल नळ हळूहळू सोडला. पाणी स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या गंजात धरले. बॅगेत असलेला कॉलेजच्या प्रयोगशाळेचा थर्मामीटर त्यात बुडवून तिने बापाकडे पाहिले. टिकारामने चष्मा पुसला, उकिडवा बसला आणि पारा वाचला.

अंगणात नऊ अंश होते. गंजात एक्क्याण्णव.