एका सकाळचं पाळणाघर

उकंडराव मुकादमानं पाळणाघराचं कुलूप काढलं तेव्हा गोजराबाईला आधी दिसली ती सरकीची पोती. हमालांनी ती भराभर मागच्या अंगणात हलवली, फरशीवर बादल्या ओतल्या, आणि घटकाभरात खोली लग्नघरासारखी झाली. पाळणे मात्र खरोखरच नवे कोरे होते. दिवाळीत आले होते. आता होळी तोंडावर आली तरी त्यांत एक लेकरू निजलं नव्हतं.

वाशीमच्या त्या कापसाच्या जिनात बाया रेच्यांत, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांत, कापूस घालायच्या आणि त्यांची लेकरं पलीकडे रुईच्या ढिगावर पडून असायची. नाकात तंतू, डोळ्यांत धूळ. एक रडलं की सगळी सूर धरायची. गोजराबाईची मैना तर सगळा हंगाम खोकत होती. "खोली हाय, पाळणे हायेत, मंग कुलूप काहून?" हे तिनं मुकादमाला कितीदा तरी विचारलं होतं. "साहेब आला की उघडू," एवढंच उत्तर. जणू पाळण्यात साहेबच निजणार होता!

तो साहेब आज नागपूरहून यायचा होता. कारखान्याचा नवा कायदा मालक पाळतो की नाही, हे बघायला. गोजराबाईचं लुगडं त्यातल्या त्यात धड, म्हणून आजच्यापुरतं तिला रेच्यावरून उठवून लेकरं सांभाळायला बसवलं होतं.

"आज सारं कायद्यानं झालं पायजे, गोजरे," उकंडराव म्हणाला. "साहेबासमोर एकबी लेकरू रडाले नाई पायजे."

आणि त्यानं कमरेची डबी काढली. डबीत कालवलेली अफू होती. एकेका पाळण्यापाशी थांबून तो बोट बुडवायचा आणि लेकराच्या तोंडात घालायचा. त्यांच्या आया तिकडे रेच्यांवर. त्यांना कोण विचारतो?

गोजराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "मुकादम, दात नाई आले अजून त्याईले! काय करून राह्यले तुमी हे?"

"कायद्यानं राह्य. उद्या काम पायजे ना तुले?"

काम पाहिजे होतं. काम सुटलं तर घरी चूल कशी पेटणार? पण मुकादमाची पाठ वळताच तिनं पदराचं टोक मैनाच्या तोंडात घातलं आणि पोरीची जीभ पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, पोर ओकेपर्यंत. शेजारच्या पाळण्याकडे ती वळली आणि बाहेर जीप येऊन थांबली.

कचेरीत चहापाणी होईतो मुकादम पाळणाघराच्या दारातून हलला नाही. मग साहेब आत आला. मागून मालक हात चोळत. साहेबानं चुना लावलेल्या भिंती पाहिल्या, पाळणे पाहिले, आणि खूश झाला.

"वा! किती शांत मुलं आहेत!"

"आपल्या पोटच्या पोरांसारखी ठेवतो, साहेब," मालक म्हणाले.

पोटच्या पोरांसारखी! मैना खोकून खोकून निळी पडायची तेव्हा हे बाप कुठे होते? गोजराबाईला आता राहवेना. तिनं मैनाला उचललं आणि पोरीच्या मांडीला कचकन चिमटा काढला.

मैनानं असा टाहो फोडला की मालक दचकले. "गप कर तिले!" उकंडराव दातओठ खात पुटपुटला. गोजराबाईनं ऐकलं नाही. रडती पोर खांद्यावर घेऊन ती या पाळण्यापासून त्या पाळण्यापर्यंत फिरत राहिली. एकाही लेकरानं पापणी हलवली नाही.

साहेबाच्या तोंडावरचं हसू मावळलं. घरी लेकरंबाळं असणार त्याच्या. तो एका पाळण्यावर वाकला, लेकराच्या कानाशी टाळी वाजवली. मग त्याचा चिमुकला हात उचलून सोडून दिला. हात तसाच खाली पडला.

"बाई, ही मुलं उठत का नाहीत?"

मालक तिच्याकडे बघत होते. मुकादम तर डोळ्यांनी खाऊ का गिळू करत होता. मैनाचं रडणं चालूच होतं.

"कायद्यानं निजवले हायेत, साहेब," गोजराबाई म्हणाली. "डबी मुकादमाच्या कमरेले हाय."