दर रविवारचा धडा

"बाय, जरा ऐकतेस का? मना सांजला गोळी घ्यायची हाय," जिवलीने फोनला सांगितलं.

फोनला काही समजलं नाही.

"आये, त्याला बाय कशाला म्हणतेस? सरळ सांग. आठवण लाव, संध्याकाळी सात वाजता, गोळी." प्राजक्ता सहाव्या रविवारी हेच सांगत होती.

"परक्याची पोर घरात आली. हाक न मारता काम कसा सांगू?"

प्राजक्ता तलासरीला शाळेत शिकवायची. रविवारी सकाळी चारोटीपर्यंत बस, तिथून कासा गावाच्या पुढे आईच्या पाड्यावर जीप. आईला अक्षरओळख नव्हती आणि रक्तदाबाची गोळी तिच्या लक्षात राहत नसे, म्हणून तिने बोलून चालणारा, आठवण वाचून दाखवणारा फोन घेऊन दिला होता. तू एकटीने हे जमवलंस की मला दर आठवड्याला धावायला नको, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पण जिवलीला येतच नव्हतं. पाड्यात कोणाची गाय कधी व्याली, कोणाच्या लग्नाला कोण रुसलं, सगळं तिला तोंडपाठ. फोनपुढे मात्र तिचं डोकं चालेना.

"माझी दुसरीतली पोरं बरी तुझ्यापेक्षा."

"त्यांच्यावर पण असेच डोळे वटारतेस काय?"

"नाही."

"मग मनाच का? नागलीची भाकर खा गुमान. पुढल्या रविवारी येल मना."

प्राजक्ताला हसू आलं. तरी निघताना ती बोललीच, "एक दिवसाची आठवण लागेना तुला. दर आठवड्याची आपोआप लागते, ते तर अजून शिकवलंच नाही. कधी शिकणार तू?"

जिवली जीपपर्यंत आली. भाकरीचं फडकं तिने खिडकीतून आत दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली होती.

औषधाचं पाकीट प्राजक्ताने दोनदा पाहिलं. उरायला हव्या होत्या तेवढ्याच गोळ्या उरल्या होत्या. एकही चुकली नव्हती. शेजारची बुधी आठवण करून देत असेल, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी भेटायला येणारी माणसं अजून यायची होती. प्राजक्ता चुलीपाशी एकटी बसली होती. आता बंद करून ठेवावा म्हणून तिने आईचा फोन हातात घेतला.

नऊच्या ठोक्याला तो वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली आणि फोन ती वाचू लागला.

'प्राजक्ता येल. तिला सांगायचा, आठवण लावाया येत नाय.' खाली बारीक अक्षरांत होतं, दर रविवारी, सकाळी नऊ.

प्राजक्ताने ते पुन्हा वाचलं. मग रिकाम्या घरात ती मोठ्याने म्हणाली, "आये, तुला सगळं आलं असतं, तरी मी आलेच असते गं."