पान सत्त्याऐंशी

ग्रंथपाल बाईंच्या मुलीचं लग्न झालं आणि रिकाम्या झालेल्या खोलीत त्यांचा थोरला भाऊ राहायला आला, त्याच वर्षी वाचनालयात हा पेन्सिलवाला उपटला.

तो एकाच पुस्तकाच्या मागे लागला होता. 'चाळीस दिवसांत साखरेवर मात'. आरोग्याच्या कपाटात याच्याइतकी मागणी दुसऱ्या पुस्तकाला नव्हती. चार प्रती हातोहात फिरून खिळखिळ्या झाल्या, तेव्हा बाईंनी फाटकी वेष्टणं काढून टाकून त्यांना कापडी बांधणी करून घेतली. पण महिन्या-पंधरा दिवसांनी बघावं, तर प्रत्येक प्रतीत पान सत्त्याऐंशीवर, 'आता इंजेक्शन थांबवा' या छापील ओळीशेजारी, समासात, बारीक सरळ अक्षरात लिहिलेलं असे: 'इंजेक्शन बंद करू नका. जीव जाईल.'

बाई खोडरबर घेऊन बसत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुस्तकावर रेघ खपवून घेतली नव्हती.

"बाई, तुमचं रबर संपेल, त्याची पेन्सिल नाही संपायची," शिपाई म्हणे.

"सापडू दे एकदा. कान धरून उभा करते."

बाईंचा हा भाऊ, दादा, साखरेच्या आजारापायी वीस वर्षं रोज इन्सुलिनची सुई टोचून घेत होता आणि आता तिला विटला होता. कुणाकडून तरी त्यानं या पुस्तकाचं नाव ऐकलं आणि बाईंच्या मागे भुणभुण लावली. शेवटी बाईंनी एक प्रत घरी नेली. नेण्याआधी सत्त्याऐंशीवं पान खोडून स्वच्छ केलं.

"पथ्यापुरतं वाच हं, दादा. सुईचं डॉक्टर ठरवतील."

"अगं विदुषी, हे पहिलं पान बघ. 'माझ्या पत्नीस, जिने हे चाळीस दिवस सर्वांआधी करून दाखवले.' परक्याला कुणीही थाप मारील. स्वतःच्या बायकोला मारील का?"

"वहिनी असती ना, तर सांगितलं असतं तिनं, तू किती थापा मारल्यास ते."

दादा खदाखदा हसला.

तीन आठवडे गेले. एका सकाळी बाई त्याच्या खोलीत गेल्या, तर पाण्याचा दुसरा तांब्या रिकामा होता आणि खोलीत पिकल्या फळासारखा गोड वास कोंदला होता. त्यांनी उशी उचलून पाहिली, खाटेखाली वाकून पाहिलं.

"दादा, फळं लपवून खातोस की काय?"

"काय सासुरवास आहे या घरात!" तो म्हणाला. एवढं बोलून त्याला धाप लागली. पुस्तकातले ते रस पिऊन अशक्त झालाय, असं म्हणत बाई कामावर गेल्या.

त्याच दुपारी पेन्सिलवाला सापडला. साठीपुढचा, काटकुळा, धुवट सदरा. त्यानं कपाटातल्या प्रती काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यांतल्या एकीचं, न चाळता, अंगठ्यानं नेमकं पान उघडलं. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत? पांढरे केस झाले तुमचे."

तो दचकला नाही. हातातलं वाक्य पुरं करून म्हणाला, "तुम्ही खोडता ना? मला वाटलंच."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग छापलेलं खोटं आणि तुमची पेन्सिल खरी, होय?"

"लिहिणाराही डॉक्टर नव्हता, बाई."

"छाती ठोकून सांगताय. ओळखता त्यांना?"

"ओळखतो असं वाटायचं." त्यानं टेबलावरच्या प्रती मोजल्या. "तीनच आहेत. चौथी कुणाकडे आहे?"

"माझ्या भावाकडे," बाई तोऱ्यात म्हणाल्या.

त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तो सुई घेतो? मग त्याला सारखी तहान लागते? धाप? तोंडाला गोड वास, फळासारखा?"

"घरी फोन लाव!" बाई शिपायावर ओरडल्या.

शिपायानं घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. बाई धावत कपाटाकडे गेल्या. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय आणि आणखी कोण तेच म्हणतंय ते आधी बघा, असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला बजावत. या एका पुस्तकाला मात्र त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नव्हता. आरोग्य खात्याची जाड पुस्तिका त्यांनी उघडली. तहान, ओकाऱ्या, धाप, श्वासाला फळासारखा वास. इंजेक्शन चुकल्यास. विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

"उचलत नाहीत," शिपाई म्हणाला.

"रिक्षा बोलव!"

दादा खाटेपाशी जमिनीवर पडला होता. श्वास चालू होता, पण हाकेला ओ नव्हती. सुई त्यानं चार दिवसांपूर्वीच सोडली होती. पुस्तक उशाशी होतं, सत्त्याऐंशीव्या पानावर उपडं. खोडलेली जागा आजूबाजूच्या कागदापेक्षा जास्त पांढरी दिसत होती.

"आणखी तासभर थांबला असतात, तर माझ्या हातात काही नव्हतं," रुग्णालयातली डॉक्टरीण म्हणाली.

चौथ्या दिवशी दादानं डोळे नीट उघडले. "विदुषी," तो पुटपुटला, "सुई कुठंय माझी?" बाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

कामावर परतल्यावर त्यांनी समितीला न विचारता चारही प्रती बाद करायला घेतल्या. पेन्सिलवाला त्या दुपारनंतर फिरकला नव्हता. त्याचे आभार मानायचे राहिले होते, आणि त्याचं नावसुद्धा बाईंनी विचारलं नव्हतं.

'बाद'चा शिक्का पहिल्या पानावर मारायचा असतो. तीन प्रतींवर त्यांनी तो मारला. उरलेली प्रत त्या दुपारी त्याच्या हातात होती ती. तिचं पहिलं पान उघडून बाईंनी शिक्का उचलला, आणि त्यांचा हात तसाच थांबला.

'माझ्या पत्नीस' या छापील शब्दांखाली, त्याच बारीक सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'पुस्तक छापून घरी आलं, त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी ती वारली.'