बेलाचं पान

"हात दे," मल्लम्मा म्हणाली.

शिवांगीने हात पाठीमागे घेतला. किल्लारीच्या बाजारात, बांगड्यांच्या पालाशेजारी, साखराबाई गोंदणारीण पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात मोटारसायकलची बॅटरी आणि तिला जोडलेलं सुईचं यंत्र. ते सुरू झालं की डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज यायचा.

"आई, सोमवारी माझं मेडिकल हाय."

"ठावं हाय. हात दे."

आठ दिवस घर अधांतरी होतं. खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीसाठी शिवांगी परीक्षा पास झाली, मुलाखतही पास झाली. आता तेवढी वैद्यकीय तपासणी राहिली होती. आणि नेमका त्याच आठवड्यात नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. बाप, रामलिंग, जेवताना म्हणायचा, "नांदेड म्हंजी सकाळी एसटीत बसलं की दुपारी लेक डोळ्यापुढं. तिकडं सीमेवर कोणची एसटी जाती गं?" आई मात्र हो म्हणेना, नाही म्हणेना. शिवांगीचंही मन एका जागी ठरत नव्हतं. पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर धावताना वाटायचं, प्रबोधिनीच. घरी येऊन चुलीपुढे आईजवळ टेकलं की वाटायचं, नांदेड तरी काय वाईट?

आज आई आपण होऊन म्हणाली, बाजारला चल. आणि आणून इथं बसवलं.

शिवांगीला सगळं कळलं. तिचा चुलतभाऊ रविकिरण लातूरच्या फौजेच्या भरतीत धावण्यात पहिला आला होता आणि दंडावर गोंदलेल्या महादेवापायी मेडिकलला बाद होऊन घरी परतला होता. गाव अजून त्याला चिडवायचं, "देवानंच धरून ठेवला की रे तुला!" हे आईला का माहीत नव्हतं? भांडण नाही, रडारड नाही. बोटभर हिरवी शाई, की लेक नांदेडला.

साखराबाईने तिचा हात ओढून मांडीवर घेतला. दंडापासून मनगटापर्यंत तळवा फिरवत ती जागा शोधू लागली. तोंडाने ओवी चालूच होती.

"सोनं-नाणं मागं राही, माती खाई काया,
गोंदण तेवढं संगं येई, हातावरची माया."

मल्लम्माने स्वतःचा हात पुढे केला. त्यावर जुनं, विटलेलं बेलाचं पान होतं. "अस्संच काढ. माझ्या मायच्या हातावर व्हतं तसं."

यंत्र घुरघुरलं. आणि शिवांगीच्या मनात एक लबाड विचार हळूच येऊन बसला. हात ओढूच नये. गोंदू द्यावं. मग ठरवायचं काही उरतच नाही. उद्या कोणी विचारलंच, तर आईनं अडवलं म्हणून सांगता येईल. दोष आईचा, नांदेड आपलं. तिने डोळे मिटले. सुईचा वारा कातडीला लागला.

तिने हिसडा देऊन हात सोडवला.

"न्हाई! मला जायचंय!" बांगड्यांच्या पालातल्या बाया वळून बघू लागल्या. "नांदेडला न्हाई, फौजेत जायचंय मला!"

हे तिने आजवर स्वतःलासुद्धा कधी ऐकवलं नव्हतं.

"अगं बया," साखराबाईने यंत्र बंद केलं, "पोरगी हाय का तोफ?"

मल्लम्माचा चेहरा हलला नाही. "मग जा की. नको कोण म्हणालंय? नांदेडचं नाव निघालं की तुझा घास तोंडातल्या तोंडात फिरतोय. मला दिसत न्हाई व्हय?" तिने लेकीचं मनगट धरलं, हात उलटा केला, आतली गोरी बाजू वर आणली. "दंडावर न्हाई, साखराबाई. हितं, आतून, कोपराच्या खाली. रवीला इचारून आले मी. फौजेत हितं चालतंय."

शिवांगीला हसू आलं, त्यातच रडूही आलं. तिने आपण होऊन हात पुढे केला. "मग आजच कशापायी गं आई? सुट्टीला आल्यावर काढलं असतं की."

यंत्र पुन्हा सुरू झालं. पानाचं पहिलं टोक उमटलं, शाईत रक्ताचा थेंब मिसळला. मल्लम्मा अंगठ्याने आपल्याच हातावरचं पान चोळत राहिली. मग लेकीकडे न बघता म्हणाली,

"भूकंपात माझी माय ढिगाऱ्यातनं काढली, तवा तोंडावरनं वळखू येत नव्हती. सात वर्सांची व्हते मी. हात बघितला आन म्हणलं, ही माझी."