बिनवासाचा पाइप

नाताळात पाहुण्यांनी घरच्या वाइनचे पेले अर्धेच ठेवले, तेव्हापासून इनासच्या जिवाला चैन नव्हती. वाइनला रबराचा वास येतो, असं बायको म्हणाली होती. वाइनच्या पिंपात पाणी भरायचा पाइपच मेला नडला, हे त्याने ठरवून टाकलं आणि बायकोला घेऊन नवा पाइप आणायला दुकान गाठलं.

"हा घ्या, दहा वर्षं बघायला नको," दुकानदार म्हणाला.

इनासने पाइप हुंगला. वास नव्हता. दुसरा ओढला, तिसरा ओढला. एकालाही वास नाही! मग घरच्याच पाइपला कुठून आला?

त्याने चिडून बायकोकडे पाहिलं. ती नाकाला पदर लावून दुकानाच्या दारातच थांबली होती.

"अहो, डोकं उठलं या रबराच्या वासाने!"

इनासने पुन्हा एकदा खोल श्वास घेतला. मग हातातला पाइप तिच्यापुढे धरला.

"यापुढे वासाचं तूच सांगत जा," तो म्हणाला.