पोह्यांच्या कार्यक्रमातला कवड्या

साप पकडत हिंडणाऱ्या नांदेडच्या दयानंदला कुणी पोरगी देईना. चाकूरला पुनमच्या घरीही पोह्यांनंतर नकारच येणार, असं दिसत असताना सोफ्याखालून पट्ट्यापट्ट्यांचा एक बारीक साप निघाला.

"मण्यार! मण्यार!" पुनमचे वडील टीपॉयवर चढले.

"मामा, उतरा खाली. पट्टे मानेपासूनच हायत, शेपटीकडं पुसट झालेत. हा कवड्या, बिनविषारी," म्हणत दयानंदनं त्याला अलगद उचललं. पुनम बघतच राहिली.

"पोरगा पसंत हाय," वडील टीपॉयवरूनच म्हणाले, "पण आधी त्याला बाहेर सोडा!"

परतताना दयानंदच्या आईनं पदरानं घाम पुसला.


"ह्यो तरी वेळेवर निघाला, बाबा. मागच्या स्थळाला नेलेली धामण, बया पिशवीतच झोपून राहिली."