लोंढ्याचा आमलेट-पाव

मष्णूनं तव्यावर अंडं फोडलं आणि जिनाप्पांनी उपरण्याचं टोक नाकावर घट्ट दाबून धरलं.

तरी वास यायचा तो आलाच. जळकं तेल, करपलेला कांदा, आणि त्या दोन्हींच्या खालून उकिरड्यासारखा वर येणारा तो तिसरा वास. गोव्याकडच्या गाडीनं आलेल्या टोपलीतले पाव मष्णू अंगठ्यानं उकलत होता, त्यात ते पिवळं लिबलिबीत कोंबत होता आणि वर चटणी थापून कागदात गुंडाळून देत होता. हे पाव ताडी घालून फुगवतात आणि पायांनी तुडवून मळतात, असं जिनाप्पांनी निपाणीच्या बाजारात ऐकलं होतं.

लोकांना मात्र दम नव्हता. मेल थांबली की लोंढा स्टेशनाच्या फाटकाबाहेरच्या या टपरीवर माश्यांच्या आधी माणसं घोंगावायची. कुणी चालता चालता खाई, कुणी उभ्या उभ्या गिळी. एक शेंडीवाले मास्तर भिंतीकडे तोंड करून खात होते. मनगटावरून कोपराकडे निघालेला तेलाचा ओघळ त्यांनी जिभेनं चाटून घेतला. जिनाप्पांनी मान फिरवली.

"काय आण्णा," मष्णू ओरडला, "कालपास्नं नुसता वासच घेताय. वासानं प्वाट भरतंय व्हय? एक घ्या की!"

"लांबनं बोल. आम्ही जैन माणसं."

"लोंढ्यात समदी मेलची माणसं असत्यात, आण्णा. जातबित फाटकाच्या आत सोडून यायची!"

रांगेतली माणसं खिदळली. जिनाप्पा बाकाच्या पार टोकाला सरकले.

ते आले होते लेकीसाठी, ब्राह्मीसाठी. दोन वर्षांपूर्वी चिकोडीचं स्थळ त्यांनी सुपारी फुटल्यावर मोडलं होतं. मुलानं कॉलेजात असताना अंडं चाखलं होतं, एवढंच कारण. एकदाच चाखलं होतं. पण जिनाप्पांच्या लेखी तोंड एकदा बाटलं की बाटलं. मोडलं त्यांनी आणि बोल लागला ब्राह्मीला. पोरीतच काही खोट असणार, असं गाव म्हणू लागलं. परवा ते निघाले तेव्हा ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली होती, "आप्पा, ह्या बारीला काय बघायचं ते आधी बघून घ्या. शब्द दिलासा की मोडू नका. मला आता सोसायचं न्हाई." जिनाप्पांनी बसदीत, जैन देवळात जाऊन, देवासमोर हात जोडून तसं कबूल केलं होतं.

मुलगा सदलग्याचा. तवनाप्पा नाव. लोंढ्याच्या मालधक्क्यावर कारकून. घराणं सोन्यासारखं. पण लोंढ्याच्या पाण्यात राहून कोरडा कोण राहिला आहे? म्हणून जिनाप्पा ओळख न देता दोन दिवस या नरकाशेजारी बसून होते.

तवनाप्पा कालच्यासारखाच मेलच्या वेळेला आला. काळा कोट, डोक्याला टोपी, नाकाला रुमाल. त्याला बघून मष्णूनं घाईघाईनं फडकं फिरवलं. तवनाप्पा वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिला. मष्णूनं फोडलेल्या एका अंड्याची घाण थेट बाकापर्यंत आली.

"टाकून दे ते," तवनाप्पा रुमालातून म्हणाला. "एकाचं जरी पोट बिघडलं तरी तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. आणि तवा खरवड."

"व्हय साहेब."

परक्या प्रवाशांची केवढी ही काळजी! जिनाप्पांना बरं वाटलं. त्यांनी बाकावर जागा करून दिली.

"तुम्ही खात न्हाई काय हे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी?" तवनाप्पानं अंग चोरलं. "मी हात लावत न्हाई. घरी जाऊन आंघोळ केल्याबिगर पाणीसुद्धा घशाखाली उतरत न्हाई."

"सगळं स्टेशन तर तुटून पडलंय."

"त्यांना आवडतंय. आता ते काय सुटायचं न्हाई त्यांच्यानं."

"मग रोज इथं कशाला उभं राहता?"

"गाडीच्या वेळेला उभं राहावं लागतंय," तवनाप्पा तव्याकडे बघत म्हणाला. "नजर ठेवली न्हाई तर सगळा घोळ होतोय."

नोकरी म्हणजे नोकरी, जिनाप्पांच्या मनात आलं. चिखलात उभा आहे, पण पायाला थेंब नाही. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. त्यांनी उपरणं खाली घेतलं.

"मी निपाणीचा जिनाप्पा. ब्राह्मीचा बाप."

तवनाप्पा ताडकन उठला. त्याचा चेहरा उतरला. वाकून पाया पडता पडता तो म्हणाला, "मामा, आधी एक सांगायचं होतं तुम्हांला..."

"काही सांगू नका."

"न्हाई, पण ऐकून तरी..."

"ऐकून लई फसलोय मी. ह्या बारीला डोळ्यांनी बघितलंय. दोन दिवस बघितलंय." जिनाप्पांनी कनवटीची पुडी सोडली, त्याचा हात ओढून तळव्यावर खडीसाखर ठेवली आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ मिटली. "मुलगी तुमची. देवासमोर बोललोय, हा शब्द आता माझ्याच्यानं मोडत न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले. शिट्टी झाली, मेल हलली, टपरीपुढची गर्दी पांगली. मूठ अजून त्यांच्या हातात होती तोच मष्णू हात पुसत बाकाशी आला आणि तवनाप्पापुढं अदबीनं वाकला.

"मालक, अंडी कमी पडाय लागल्यात. उद्यापास्नं किती शेकडं सांगू?"